मोठी संख्या हाती आली तर? चाळीसगावच्या पिनपासून सुरुवात

लग्नसराई संपली की आमच्याकडे पत्रिकांचा गठ्ठा उरतो. देवाधर्माचं छापलेलं असतं म्हणून फेकवत नाहीत. मग त्यांच्या कोऱ्या पाठी मी हिशेबाला वापरतो. अशाच एका पत्रिकेवर पत्त्याच्या शेवटी ठळक छापलं होतं: चाळीसगाव ४२४१०१. समोर भाची होती, दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली. तिला म्हटलं, "ही संख्या काय चीज आहे, सांग बरं." ती म्हणाली, "मामा, पिनकोड आहे तो. त्यात काय सांगायचं?"

सांगण्यासारखं खूप निघालं. आमचे दोन दिवस गेले आणि माझी एकदा चांगलीच फजिती झाली. त्या दोन दिवसांत ज्या क्रमाने आम्ही गेलो (आणि ज्या क्रमाने जायला हवं होतं) तोच इथे मांडतो. पाच-सहा अंकी संख्या दिसली की ज्यांचा हात थेट कॅल्क्युलेटरकडे जातो, त्यांच्यासाठी हे आहे. सामान म्हणाल तर कागद, पेन, वीसपर्यंतचे पाढे आणि थोडा चिवटपणा.

सरावाला पिनच का? एक तर तो सगळ्यांना माहीत असतो, लपवण्यासारखं त्यात काही नाही. आधार क्रमांक किंवा बँकेचा खाते क्रमांक असल्या खेळाला घेऊ नका, कागद उडून कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. दुसरं म्हणजे सहा अंक ही हाताने करायला बरोबर बेताची लांबी आहे. पिनची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली, ती श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखली. पहिला अंक देशाचा विभाग सांगतो (आपल्याकडे ४), पहिले तीन अंक टपाल कुठे वर्गवारीला जाणार ते सांगतात आणि शेवटचे तीन नेमकं टपाल कार्यालय. गंमत बघा, चाळीसगाव तालुका जळगाव जिल्ह्यातला, पण पिन धुळ्यासारखा ४२४ ने सुरू होतो. नंदुरबार धुळ्याच्याही पलीकडे, तरी त्याचा पिन जळगावसारखा ४२५ चा. टपालाच्या वाटा जिल्ह्याचा नकाशा बघून आखलेल्या नसतात.

एक गोष्ट आधीच सांगतो. पिनचे अवयव (म्हणजे कोणत्या संख्यांच्या गुणाकाराने तो बनतो ते) काढल्याने गावाबद्दल काहीही कळत नाही. गाडीच्या नंबरात शुभ-अशुभ शोधणाऱ्यांसाठी हा लेख नाही.

पायरी पहिली: मोठ्याने वाचा

हसू नका. बहुतेक चुका इथेच होतात. ४२४१०१ हे "चार दोन चार एक शून्य एक" असं वाचलं तर ती नुसती अंकांची माळ राहते. उजवीकडून तीन, मग दोन, मग दोन अशी स्वल्पविरामाची जागा करा: ४,२४,१०१. चार लाख चोवीस हजार एकशे एक. आता तिला वजन आलं. सव्वाचार लाखाला थोडी कमी, एवढं लगेच कळतं.

स्थानांना नावं देण्यात आपले लोक पूर्वीपासून उदार होते. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या 'लीलावती'त एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी इथून चढत चढत परार्धापर्यंत अठरा स्थानं मोजली आहेत. परार्ध म्हणजे १ वर सतरा शून्यं. आणि हे मी चाळीसगावात बसून सांगतोय त्याला कारण आहे. गावाजवळच्या पाटण्याला, पाटणादेवीच्या परिसरात सापडलेल्या शिलालेखात अशी नोंद आहे की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला आणि निकुंभ राजांनी त्याला दान दिलं. हा काळ १२०७ च्या आसपासचा. पाटण्याला लोक देवीच्या दर्शनाला जातात, पावसाळ्यात धबधबा बघायला जातात. तिथे कधीकाळी पोरं गणित शिकत होती, हे मात्र आठवत नाही कुणाला.

पायरी दुसरी: अंगचे गुण वेगळे, पोशाख वेगळा

नवखा माणूस सगळ्यात जास्त घोळ इथे घालतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

संख्येचे काही गुण तिच्या अंगचे असतात. ४,२४,१०१ केळी तीन सारख्या ढिगांत वाटता येतील का, हा प्रश्न केळ्यांचा आहे. तुम्ही संख्या कशी लिहिता याचा त्याच्याशी संबंध नाही. काही गुण मात्र आपण दहाच्या पटीत लिहितो म्हणून दिसतात: अंकांची बेरीज किती, उलटी वाचली तर काय होतं, शून्यं किती. हा झाला पोशाख. हीच संख्या संगणक ११००११११०००१०१००१०१ अशी लिहितो. केळी तेवढीच, पण पोशाख पार बदलला.

पोशाखात गंमत असते, पण ओळख अंगच्या गुणांनी पटते. पोशाख बघून अंगाचा अंदाज बांधता येतो, ही मधली वाट. पुढच्या पायरीवरच्या कसोट्या म्हणजे तेच.

पायरी तिसरी: भाग न घालता भाग जातो का ते बघा

२ आणि ५ साठी शेवटचा अंक बघा. आपल्या संख्येचा शेवट १, दोन्ही बाद.

३ साठी अंकांची बेरीज: ४+२+४+१+०+१ = १२. बाराला ३ ने भाग जातो, म्हणून संख्येलाही जातो. ९ ने जात नाही, म्हणून संख्येलाही नाही. का, ते एकदा समजून घ्या म्हणजे कसोटी पाठ करावी लागणार नाही. दहाच्या प्रत्येक नोटेतून ९ बाजूला काढले की १ उरतो. शंभराच्या नोटेतून ९९ काढले की १ च उरतो. लाखातून ९९,९९९ काढले तरी १ च. म्हणजे ९ चे गठ्ठे बाहेर काढल्यावर हातात नोटांची नुसती संख्या उरते, आणि तीच अंकांची बेरीज.

७, ११ आणि १३ साठी तीन वेगवेगळ्या कसोट्या शिकवतात. मला त्या कधीच लक्षात राहिल्या नाहीत. त्याऐवजी ७ × ११ × १३ = १००१ एवढं ध्यानात ठेवा. सहा अंकी संख्येचे तीन-तीन अंकांचे दोन डबे करा आणि वजाबाकी करा. ४२४ − १०१ = ३२३. ७, ११, १३ ने भाग जातो का, ही चौकशी आता या छोट्या संख्येत करा. ३२३ ला ७, ११, १३ पैकी कुणानेच भाग जात नाही. तीन कसोट्या एका वजाबाकीत संपल्या.

ही युक्ती कधी कामाला येते बघायचं तर भुसावळचा ४२५२०१ घ्या. ४२५ − २०१ = २२४, म्हणजे ७ × ३२. आला भाग! ४२५२०१ ÷ ७ = ६०७४३. पुढे १९ ने जातो, ३१९७ उरतात. ३१९७ म्हणजे २३ × १३९. तर भुसावळ = ७ × १९ × २३ × १३९. मुंबई, नागपूर, इटारसी, सुरत अशा चहूकडे गाड्या सोडणाऱ्या जंक्शनचा पिनही चार फाट्यांचा निघावा, हा निव्वळ योगायोग. पण पोरांना सांगितलं की ते विसरत नाहीत.

चाळीसगावकडे परत या. ३ ने भाग घाला: ४२४१०१ ÷ ३ = १४१३६७. याच्या अंकांची बेरीज २२, म्हणजे ३ ने पुन्हा जात नाही. आता शिकार १४१३६७ ची.

पायरी चौथी: कुठवर शोधायचं ते आधी ठरवा

१४१३६७ ला कुणी लपून बसलेला भाजक आहे का, हे बघायला किती लांब जावं लागेल? वर्गमुळापर्यंत. संख्या दोन अवयवांचा गुणाकार असेल, तर दोघेही वर्गमुळाहून मोठे असूच शकत नाहीत, नाहीतर गुणाकार आपल्या संख्येच्या वर जाईल. म्हणून लहान भाऊ वर्गमुळाच्या अलीकडेच सापडला पाहिजे.

आधीच्या ४२४१०१ चं वर्गमूळ ६५१ च्या किंचित पुढे आहे (६५१ चा वर्ग ४,२३,८०१). ३ ने भाग घातल्यावर आलेल्या १४१३६७ चं ३७६ ला टेकलेलं. बघा, नुसता एक ३ बाजूला काढला तर शोधाची हद्द निम्म्याजवळ आली. लहान भाजक सापडला की तो लगेच काढून टाकायचा आणि हद्द पुन्हा आखायची, हा नियम मोडू नका.

भाग फक्त मूळ संख्यांनी घालून बघायचा, म्हणजे ज्यांना १ आणि स्वतः सोडून कुणानेच भाग जात नाही त्यांनी. ३७६ च्या आत अशा मूळ संख्या किती? चौऱ्याहत्तर. शेवटची ३७३. म्हणजे वाईटात वाईट चौऱ्याहत्तर भागाकार. एका संध्याकाळचं काम.

पायरी पाचवी: भागाकाराला बसण्याआधी जवळचा वर्ग बघा

हीच पायरी मी चुकवली.

त्या संध्याकाळी मी ओट्यावर बसून १७, १९, २३ असे भागाकार करत सुटलो. शेजारचे आबा येऊन डोकावले. जिनिंगमध्ये मुनीम होते, आता निवृत्त. "काय करी ऱ्हायना भो?" मी सांगितलं. ते "बरं बरं" म्हणून चहा पिऊन गेले. मी १९९ पर्यंत पोहोचलो. आधीच्या कसोट्या धरून सेहेचाळीस भागाकार झाले, एकही पुरा जाईना. अंधार पडला, डास चावायला लागले. मी मनाशी म्हटलं, एवढ्यांनी भाग गेला नाही तर आता कुठे जाणार? आणि पत्रिकेवर लिहून टाकलं: "१४१३६७ मूळ संख्या." एवढ्यावर थांबलो नाही. रात्री फोनवर दोघा मित्रांना ठोकूनही दिलं.

सकाळी भाची गच्चीवर कुरडयांची राखण करत बसली होती, हातात तीच पत्रिका. म्हणाली, "मामा, ही संख्या मला ओळखीची वाटते. ३७६ चा वर्ग १४१३७६ आहे ना? शेवटचे दोन अंक फक्त उलटे पडलेत."

तिला ३७६ माहीत होता, कारण तो गमतीचा आहे. ३७६ चा वर्ग केला तरी शेवटी ३७६ च येतात, पुन्हा ३७६ ने गुणलं तरी येतात. तीन अंकी संख्यांत अशा दोनच, दुसरी ६२५. हा झाला पोशाखातला गुण, पण त्याच्यामुळे तिला अंग दिसलं. १४१३७६ आणि १४१३६७ यांच्यात फरक ९ चा. आणि ९ हा ३ चा वर्ग.

१४१३६७ = ३७६² − ३² = (३७६ − ३)(३७६ + ३) = ३७३ × ३७९.

मी १९९ ला थांबलो नसतो तर चौऱ्याहत्तराव्या, म्हणजे अगदी शेवटच्या भागाकारात हे सापडलं असतं. तिला एका वजाबाकीत सापडलं. मित्रांना पुन्हा फोन करावे लागले, ते वेगळंच.

दोन संख्यांची बेरीज गुणिले वजाबाकी म्हणजे त्यांच्या वर्गांची वजाबाकी, हे लीलावतीतही सांगितलेलं आहे आणि आपल्या शाळेच्या पुस्तकातही असतं. ते उलट दिशेने वापरून मोठी संख्या फोडायची, ही रीत फ्रान्सच्या पिएर द फर्मा याने १६४३ च्या सुमारास एका पत्रात मांडली. त्याने २,०२,७६,५१,२८१ ही संख्या फोडून दाखवली: ४४०२१ × ४६०६१. कागद-पेनावर! रीत अशी:

संख्येच्या वर्गमुळाच्या लगेच वरची पूर्ण संख्या घ्या. तिच्या वर्गातून आपली संख्या वजा करा. उरलेलं पूर्ण वर्ग आहे का बघा. असेल तर काम झालं. नसेल तर एकने पुढे सरका आणि पुन्हा करा. फर्माला ४५०३० पासून ४५०४१ पर्यंत बारा वेळा जावं लागलं. आपल्याला एकदाच.

पण या रीतीवर फार भाळू नका. दोन अवयव एकमेकांजवळ असतील तरच ती झटपट चालते. ३ आधी बाजूला काढला नसता आणि थेट ४२४१०१ वर ती लावली असती, तर ६५२ पासून ७४९ पर्यंत अठ्ठ्याण्णव वेळा तेच करावं लागलं असतं. म्हणून आधी लहान भाजक, मग दोन-चार वेळा वर्गाची चाचणी, आणि मग मुकाट्याने भागाकार. हा क्रम मी आता बदलत नाही.

मुकाट्याने करावा लागणारा भागाकार कसा असतो ते बघायचं असेल तर जळगावचा ४२५००१ घ्या. ३ ने जातो, १४१६६७ उरतात. तो खरंच मूळ आहे, आणि तसं म्हणायला ३७३ पर्यंत सगळे भागाकार करावेच लागतात. धुळ्याचा ४२४००१ तर आणखी खट आहे. ३ ने नाही, १००१ च्या युक्तीने नाही. ४२४ म्हणजे ८ × ५३, तेव्हा ५३ ने तरी जाईल असं वाटतं, पण बरोबर १ उरतो. ६४७ पर्यंत जाऊनही भाग जात नाही. धुळे मूळ संख्येवर वसलेलं आहे. यावेळी मी शेवटपर्यंत गेलो आणि मगच फोन केला.

पायरी सहावी: ताळा

४२४१०१ = ३ × ३७३ × ३७९. लिहिलं, आता तपासा. उलट गुणाकार कराच, पण त्याआधी नवाचा ताळा: प्रत्येकाच्या अंकांची बेरीज एका अंकावर आणा. ३ चा ३. ३७३ चे १३, त्याचे ४. ३७९ चे १९, त्याचे १०, त्याचा १. गुणाकार ३ × ४ × १ = १२, म्हणजे ३. इकडे ४२४१०१ चे १२, म्हणजे ३. जुळलं.

हा ताळा आबांना दाखवला तेव्हा ते म्हणाले, "याच्यावर भिस्त ठेवू नको. अंक उलटे पडले तर हा बोलत नाही." खरं आहे. ४२४१०१ च्या जागी ४२४०११ लिहिलं तरी बेरीज १२ च. पण त्याच दुबळेपणाचा मुनीम लोक उलटा उपयोग करतात. खतावणी जुळेना आणि फरकाला ९ ने भाग गेला, तर कुठेतरी दोन अंकांची अदलाबदल झाली असण्याचा संशय आधी घ्यायचा. भाचीच्या ६७ आणि ७६ मध्ये ९ चा फरक आला तो याच न्यायाने.

पायरी सातवी: अवयव मिळाले, आता प्रश्न विचारा

एकदा मूळ अवयव हाती आले की बाकीची माहिती घरबसल्या येते.

एकूण विभाजक किती? प्रत्येक मूळ अवयवाच्या घातांकात १ मिळवा आणि गुणाकार करा. चाळीसगावला तीन वेगळे अवयव, प्रत्येकी एकदा: २ × २ × २ = ८. ते असे: १, ३, ३७३, ३७९, १११९, ११३७, १४१३६७ आणि स्वतः ४२४१०१. जळगावला चार, भुसावळला सोळा, धुळ्याला दोनच.

स्वतःला सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज संख्येपेक्षा कमी की जास्त? सगळ्यांची बेरीज (१+३)(१+३७३)(१+३७९) = ५,६८,४८०. त्यातून ४,२४,१०१ वजा केले की १,४४,३७९. संख्येपेक्षा बरीच कमी, म्हणून ही न्यून संख्या.

आता नंदुरबार बघा. ४२५४१२. सम आहे, अंकांची बेरीज १८. भाग घालत जा: ४ ने १०६३५३, ९ ने ११८१७, पुन्हा ९ ने १३१३, आणि तो १३ × १०१. म्हणजे २² × ३⁴ × १३ × १०१. विभाजक ३ × ५ × २ × २ = ६०! स्वतःला सोडून बाकीच्यांची बेरीज ७,८४,१०४, संख्येच्या पावणेदोन पटीहून जास्त. अशा संख्येला विपुल म्हणतात. सरकारी यादीत कायम मागास म्हणून नाव येणारा जिल्हा या यादीत सगळ्यांत श्रीमंत निघाला. मला तरी हे बघून बरं वाटलं.

दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते का? ४ ने भागून ३ उरतात अशा एखाद्या मूळ अवयवाचा घातांक विषम असेल, तर नाही. चाळीसगावात ३ एकदाच आला, म्हणून तिथेच दार बंद. (आतला ३७३ मात्र १८² + ७² आहे.) धुळे मूळ आहे आणि ४ ने भागून १ उरतो. अशी मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असतेच, आणि एकाच प्रकारे. कोणत्या, ते शोधायला मला पाऊण तास लागला: १९९² + ६२०².

मसावि हवा असेल तर अवयवसुद्धा नकोत. जळगावातून चाळीसगाव वजा करा: ९००. दोघांचा सामाईक भाजक ९०० लाही भागणारच. दोघे विषम, दोघांचा शेवट १, ९ ने दोघे जात नाहीत. म्हणजे मसावि ३. संपलं.

पायरी आठवी: आता पोशाखाची मजा

इथे गंभीर काही नाही, पण पोरं इथेच रमतात.

४२४१०१ उलटी करा: १०१४२४. दोन्ही मिळवा: ५२५५२५. उलटसुलट सारखीच! बहुतेक संख्यांना यासाठी अशा कितीतरी बेरजा कराव्या लागतात, आपली पहिल्याच फटक्यात आली. शिवाय ५२५५२५ म्हणजे ५२५ × १००१, तेव्हा ७, ११, १३ तिघेही तिथे हजर.

दुसरा खेळ देवळालीचा. नाशिकजवळच्या त्या गावात शाळामास्तर असलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर आयुष्यभर असल्या खेळांत रमले. अंकांच्या बेरजेने जिला भाग जातो तिला त्यांनी हर्षद संख्या असं नाव दिलं. त्या कसोटीवर चाळीसगाव नापास (१२ सम, संख्या विषम) आणि नंदुरबार पास: ४२५४१२ ÷ १८ = २३६३४. त्यांचा १९४९ चा शोध असा: चार अंकी कोणतीही संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावून मोठी आणि चढत्या क्रमाने लावून लहान संख्या करा, वजाबाकी करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वेळा केलं की ६१७४ येते आणि तिथेच अडकते.

सहा अंकांत असा एकच शेवट नाही. आपला पिन असा चालतो: ४४२११० − ०११२४४ = ४३०८६६, मग ८३१७६२, ७५२६४३, ५३०८६५... आणि बाराव्या खेपेला ८५१७४२. तिथून पुढे ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६, आणि पुन्हा ८५१७४२. सात संख्यांचं रिंगण, बैलाच्या घाण्यासारखं. वजाबाकी करताना चढत्या क्रमातलं पुढचं शून्य गाळू नका, तिथे सगळे घसरतात.

शेवटी: फोन आणि संगणक

हाताने एकदा केल्यावर मग खुशाल यंत्र वापरा. दोन सूचना. एक्सेलमध्ये पंधरापेक्षा जास्त अंकी संख्या टाकली की पंधराव्या अंकापुढे तो गुपचूप शून्यं भरतो. सोळा अंकी संख्येचा शेवटचा अंक असाच जातो आणि आपल्याला वाटतं संख्या सम आहे. पायथॉनमध्ये पूर्ण संख्येला अशी मर्यादा नाही, त्यामुळे फार मोठ्या संख्येला तेच बरं. आणि यंत्राने "मूळ" म्हटलं तरी ते हद्दीपर्यंत जाऊन म्हटलंय की अंदाजाने, हे बघायची सवय ठेवा. अंदाजाने म्हणणारी माणसं तर असतातच, वर एकाची गोष्ट सांगितली.

यंत्रालाही सगळं जमत नाही. इंटरनेटवरची कितीतरी कुलपं दोन प्रचंड मूळ संख्यांच्या गुणाकारावर उभी आहेत. गुणाकार सगळ्यांना दिसतो, अवयव कुणाला काढता येत नाहीत. सरावासाठी जाहीर केलेल्या अशा संख्यांपैकी २५० अंकी एक २०२० मध्ये फुटली, तीही असंख्य संगणक कामाला लावून. पण कुलूप बनवणाऱ्याने आळस करून दोन मूळ संख्या एकमेकांच्या शेजारच्या घेतल्या तर? ३७३ आणि ३७९ या लागोपाठच्या मूळ संख्या आहेत, मध्ये तिसरी नाही. ते कुलूप गच्चीवर कुरडया राखणारी पोरगीही उघडते.

सरावासाठी अमळनेरचा ४२५४०१ ठेवला आहे. तीसच्या आत एक अवयव सापडेल. राहिलेला मूळ आहे की नाही हे ठरवायला १२१ पर्यंत जावं लागेल. मध्येच थांबू नका.